साड्यांच्या सावलीतला हौद

आमच्या अव्वांना कुणी "तुला जमणार नाही" असं म्हणू नये. म्हटलं की त्या भांडत नाहीत, नुसता पदर खोचतात, आणि मग समोरच्याचं काही खरं नसतं. मी अंबिका, त्यांची सून. लातूरहून लग्न होऊन निलंग्याला आले आणि इथल्याच एका बँकेत नोकरी करते. सुनेनं सासूचं कौतुक करायचं नसतं, असा आपल्याकडं रिवाज आहे. तो मी मोडणार आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथंच थांबावं.

अव्वांचं नाव कमलम्मा. पण ते आधार कार्डापुरतंच. सासरी त्या आधी थोरली सून होत्या, मग रव्याची अव्वा झाल्या, आणि आता सगळ्या गल्लीच्याच अव्वा आहेत. माझे सासरे महादेवप्पा, म्हणजे अप्पा, त्यांना "अगं" नाहीतर "ऐकलीस का" एवढंच म्हणतात. चारचौघांत बायकोचं नाव घेणं त्यांच्या पिढीला जमत नाही. अप्पांचं बाजारात डाळीचं दुकान आहे, आणि घरातही ते दुकानातल्यासारखंच बोलतात. एकदा भाव सांगितला की सांगितला.

घरामागं हौद आहे. टँकरच्या वर्षांत अप्पांनीच तो पाणी साठवायला बांधून घेतला होता. पुढं बोअरला चांगलं पाणी लागलं आणि हौद रिकामा पडला. मग रविकिरणनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्याला पायऱ्या केल्या, पाणी गाळायचं यंत्र बसवलं आणि त्याला स्विमिंग पूल म्हणायला लागला. अप्पा त्याला 'रव्याचा खड्डा' म्हणत. "लोकाला घागर मिळंना अन् आमी पवायलोत," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. खरं तर त्यातलं थेंबभर पाणी वाया जात नाही. बदललं की सगळं मागच्या लिंबाला आणि नारळाला जातं. पण अप्पांना राग धरायला काहीतरी लागतं.

रविकिरण हौसेनं चार दिवस पोहला आणि बदली होऊन नांदेडला गेला. आता तो शनिवारी येतो आणि रविवारी झोपतो. हौदात खऱ्या अर्थानं उतरल्या त्या अव्वा. माझा जुना पंजाबी ड्रेस मागून घेतला, पायऱ्या उतरल्या, आणि पाण्यावर पाठ टाकून निवांत तरंगायला लागल्या. मी काठावर तोंडाचा आ करून उभी. लहानपणी मांजरा नदीकाठच्या माहेरी त्यांच्या भावांनी पाठीला सुका भोपळा बांधून त्यांना विहिरीत ढकललं होतं. लग्न झालं आणि पोहणं सुटलं ते सुटलंच. "अंग इसरत न्हाई बघ," पाण्यातूनच त्या मला म्हणाल्या.

तिथंच हे थांबलं असतं. पण एका उन्हाळ्यात त्यांच्या भाचीची मुलगी शेततळ्यात घसरली. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर पाय ठरत नाही. काठावर तिची आई होती, शेजारच्या बायका होत्या. पोहता एकीलाही येत नव्हतं. अव्वा तिच्या मातीवरून परत आल्या आणि दुसऱ्या सकाळी गल्लीतल्या घराघरांत जाऊन त्यांनी पोरी मागितल्या. "सुट्टीत माझ्याकडं द्या, पवायला शिकवून परत देते." तेव्हापासून दर सुट्टीत आमच्या हौदात पोरींचा गलका असतो. माझी लेक गीतांजली त्यातच शिकली.

गेल्या वर्षी हौदाचं प्लास्टर गेलं. पोपडे सुटले, तळ खरवडल्यासारखा झाला, पोरींच्या पायांची बोटं सोलून रक्त यायला लागलं. वर पाणीही झिरपायला लागलं. आयांनी पोरी पाठवणं बंद केलं, आणि त्यांचं तरी काय चुकलं? लातूरहून एक कंत्राटदार येऊन बघून गेला. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून अप्पांनी हातातली बशी खाली ठेवली आणि तिथल्या तिथं निकाल दिला.

"बसवजयंतीला अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त हाय. मल्लेश मिस्त्रीला सांगून ठेवतो. खड्डा बुजवायचा अन् वर गोदाम घ्यायचं. तूर ठेवायला जागा न्हाई मला."

"अन् तवर मी नीट केला तर?" अव्वांनी विचारलं. "पाणी भरून दावला तर?"

अप्पा हसले. "तू? ते काय दसऱ्याचं चुना मारणं हाय का? जमणार न्हाई तुला."

"जमलं तर?"

"तर ऱ्हाऊ दे तुझा हौद. पण मला त्यातलं कायबी सांगायचं न्हाई. मला त्याचं नाव नको."

अव्वांनी पदर खोचला.

आता रोलरनं लावायचं प्लास्टर असतं, हे त्यांना कुठं कळलं, तर गीतांजलीच्या मोबाइलवर. कुठल्या परदेशातला एक गडी आपल्या घरचा हौद स्वतःच रंगवल्यासारखा करत होता. पोत्यातली पांढरी पूड, डब्यातलं दुधासारखं पाणी, दोन्ही घोटायचं आणि रोलरनं भिंतीवर चढवायचं. अव्वांनी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की आम्हालाही तो पाठ झाला. "इंग्रजी कळतंय का तुम्हाला?" मी चिडवलं. "बोलणं कळंना, हात कळायलेत की," त्या म्हणाल्या. सामान मी लातूरहून मागवलं. डब्यावरच्या सूचना मीच वाचून दाखवल्या. त्यातली एक मी दोनदा वाचली, कारण ती मलाही उलटी वाटली होती: लावल्यावर आठवडाभर याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही.

आधी जुनं उकरायचं काम. अव्वा हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकत जायच्या, आणि जिथं पोकळ वाजेल तिथं छिन्नी. मग तारेच्या ब्रशनं घासणं, धुणं, खड्डे भरून घेणं. मी बँकेतून आले की हाताशी उभी राहायचे. माझ्या हाताला फोड आले, त्यांच्या नाही. लग्नापासून दर दसऱ्याला हे अख्खं घर त्यांनी स्वतः चुन्यानं रंगवलंय, गडी लावू दिला नाही. त्याच हातांवर माझी भिस्त होती.

आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. अव्वांनी दोशाच्या पिठासारखं सगळं एकदम भिजवलं. घरात पाहुणे असोत नसोत, त्यांना कमी भिजवता येत नाही. भिंतीचा एक कोपरा होईतो बादलीतलं आवळून आलं, आणि थोड्या वेळानं त्यात रोलर असा रुतला की तो काढायला मी एकीकडून, त्या दुसरीकडून ओढत होतो. ती बादली अजून आहे आमच्याकडं, रोलरसकट. मला वाटलं, आता यांचा धीर सुटतो. त्या म्हणाल्या, "आता घासाघासानं भिजवू," आणि दुसरा रोलर घेतला.

दुसरी अडचण उन्हाची. एप्रिलातलं निलंग्याचं ऊन. लावलेलं पसरायच्या आत वाळून तडकायला लागलं. अप्पांच्या दुकानात ताडपत्र्या होत्या, पण त्यांना काही सांगायचं नाही असं ठरलेलं. अव्वांनी गोधडीसाठी ठेवलेल्या जुन्या साड्यांचं गाठोडं सोडलं, साड्या एकीला एक शिवल्या आणि हौदावर या भिंतीपासून त्या झाडापर्यंत ताणून बांधल्या. हिरवी इरकल, जांभळी, माझ्या लग्नातली मोतिया. खाली रंगीत सावली पडायची आणि त्या सावलीत माझी सासू कंबर वाकवून पांढऱ्या भिंतीवर रोलर फिरवत असायची. तळाला तर त्यांनी सारवतात तसंच लावलं, पलीकडच्या कोपऱ्यापासून मागं सरकत सरकत पायऱ्यांपर्यंत. एकही पाऊल उमटलं नाही. मी तिथं उभी राहून पाहिलंय म्हणून सांगते, मला त्यांचा अभिमान वाटला, आणि तो मी बँकेत सगळ्यांना ऐकवला. मॅनेजरलासुद्धा.

अप्पांचं म्हणाल, तर ते या दिवसांत सकाळचा चहा मागच्या ओट्यावर घेऊ लागले होते. तोंड लिंबाकडं, डोळे हौदाकडं. विचारलं तर म्हणायचे, "लिंबाला मोहर किती आलाय ते बघलालो."

दुसरा हात पुरा झाला तेव्हा बसवजयंतीला आठवडा आणि वर एक दिवस उरला होता. हिशोब बरोबर जमला होता. भिंतीवरून हात फिरवला तर काशाच्या वाटीसारखी गुळगुळीत. त्या रात्री अव्वा लवकर झोपल्या.

सकाळी मला पाण्याचा आवाज आला. मागं जाऊन बघते तर अप्पा धोतर वर खोचून, हातात नळी घेऊन हौदाच्या काठावर उभे. साड्या बाजूला सारलेल्या. एका अख्ख्या भिंतीवरून दुधासारखं पांढरं पाणी ओघळत होतं. माझ्या तोंडाशी जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण माझ्या मागून अव्वा आल्या. त्यांनी आधी नळ बंद केला.

"काय करलालाव?"

"पाणी मारलालो," अप्पा म्हणाले. "ऊन बघ की कसं हाय. नव्या प्लास्टरला सकाळ-संध्याकाळ पाणी पायजे. ह्या घराच्या सगळ्या भिंतीला मीच मारलो. तू एवढं केलीस अन् पाणी मारायचं इसरलीस, म्हणलं तडकून जाईल सगळं."

"ह्याला पाणी चालत न्हाई. आठ दिवस थेंब नको."

अप्पांच्या हातातली नळी खाली आली. "मग सांगितली का न्हाईस मला?"

"तुमीच म्हणलाव, कायबी सांगायचं न्हाई."

अप्पा ओघळणाऱ्या भिंतीकडं बघत राहिले. अव्वा काठावर बसल्या. मला वाटलं, रडतायत. पदराआड त्या हसत होत्या. "बघ अंबिका," मला म्हणाल्या, "हौद नको म्हणणारा माणूस पहाटं उठून पाणी मारायलाय."

अप्पांनी माफी वगैरे मागितली नाही. ते त्यांच्या गावीच नाही. ते खाली उतरले, खरवडायची पट्टी घेतली आणि बिघडलेली भिंत खरवडायला लागले. नंतर दुकान न उघडताच एसटीनं लातूरला गेले. येताना डबा मांडीवर आणि पूड पायाशी. डब्यावरचं सगळं त्यांनी वाटेत वाचून काढलं होतं, आणि घरात पाऊल टाकताच मला दरडावून म्हणाले, "पाण्याचा थेंब लागू द्यायचा न्हाई, ठाव हाय ना?"

त्या भिंतीचे दोन्ही हात दोघांनी मिळून दिले. अप्पांचा रोलर वाकडा जायचा, अव्वा मागून सरळ करायच्या. त्यानंतर अप्पांनी हौदाशेजारी बाज टाकली. मांजर आलं की हाकलत, कावळा बसला की हाकलत. गल्लीतल्या एका बाईनं कौतुकानं वाकून बघितलं, तर तिला म्हणाले, "घागर घेऊन जवळ येऊ नको."

पण दिवस गेले ते गेलेच. बसवजयंती उजाडली तेव्हा ती भिंत अजून वाळायची होती आणि हौद कोरडा होता. सकाळी बसवण्णांच्या फोटोला हार घातला, चुलीवर गव्हाची गोड हुग्गी शिजत होती, आणि मल्लेश मिस्त्री दोरी आणि पहार घेऊन दारात उभा राहिला. गीतांजली आणि गल्लीतल्या पोरी मागच्या भिंतीवर ओळीनं बसलेल्या.

अव्वा पुढं झाल्या. चेहरा अगदी शांत. "शब्द म्हंजी शब्द," त्या अप्पांना म्हणाल्या. "पाणी भरून दावते म्हणलते. भरलेलं न्हाई. तुमी तुमचं गोदाम घ्या."

चूक अप्पांची, आणि हरायचं अव्वांनी? मी बोलणारच होते. अव्वांनी माझा हात दाबला.

अप्पांनी दोघींकडंही बघितलं नाही. "मल्लेश, मुहूर्त वाया घालवायचा न्हाई," ते म्हणाले. "पायऱ्याच्या बाजूनं लोखंडी नळीचा दांडा बसव. धरून उतरता यावं असा."

"पोरींला व्हय?" मल्लेशनं विचारलं.

"पोरी उड्या मारतेत. मला पायजे. माझे गुडघे वाकंनात."

मल्लेश गोंधळला. "अन् गोदाम? तुमी तर म्हणलाव, रव्याचा खड्डा बुजवायचा..."

"गोदाम दुकानाच्या माडीवर काढू. अन् रव्याचा खड्डा म्हणू नको. कमलम्माचा हौद हाय हा. तिनं तिच्या हातानं केलाय. हात लावून बघ. पण आधी हात कोरडा कर."

पोरींनी भिंतीवरून जो गिल्ला केला तो बाजारापर्यंत गेला असेल. मी अव्वांकडं वळले, तर त्या तिथं नव्हत्या. हुग्गी लागेल म्हणून आत गेल्या होत्या. मी मागोमाग गेले. चुलीकडं तोंड करून त्या पातेल्यात पळी फिरवत होत्या, आणि हुग्गी तर केव्हाच शिजली होती.

"अंबिका," वळून न बघताच त्या म्हणाल्या, "काय म्हणले गं ते मल्लेशला? मला नीट ऐकू आलं न्हाई."

अव्वांचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. पलीकडच्या गल्लीतली भांडणं त्यांना इथं बसून कळतात. मी त्यांच्याजवळ गेले आणि सांगितलं. मग त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा सांगितलं.