चार वाजून दहा मिनिटांचं धुकं

माझ्या दादाबद्दल नीट सांगायचं तर आधी माझा राग निवायला हवा, आणि तो काही निवत नाही. तेव्हा जसं तोंडात येईल तसं सांगते.

दादाचा फोटो स्टुडिओ आहे. पुढे काउंटर, मागे पांढरा पडदा, पडद्यापुढे एक गोल स्टूल आणि कोपऱ्यात माझा कॉम्प्युटर. तो फोटो काढतो, मी ते साफ करते, छापते, कापते. दिवसभर ओळखपत्राचे फोटो. 'हनुवटी थोडी खाली. खांदे सरळ. हसू नका.' पंचवीस वर्षं हेच तीन हुकूम. घरी दाढी करायला आरशापुढे उभा राहिला तरी त्याची स्वतःची हनुवटी आपोआप खाली जाते. गिऱ्हाइकाशी याहून जास्त बोलायचं म्हणजे त्याच्या जिवावर येतं.

पण उन्हाचा विषय काढा, मग बघा. सुट्टीच्या दिवशी लोक लोळत पडतात, हा पहाटेच कॅमेरा आणि स्टँड घेऊन गावाबाहेर. कशासाठी, तर किरणांसाठी. ढगातून फुटलेले, धुक्यातून उतरलेले, झाडांमधून आलेले. सूर्य बुंध्याआड लपवायचा, मागची बाजू काळी शोधायची, उजेड जरा कमीच घ्यायचा, नाहीतर सगळं पांढरंफटक. हे मला पाठ आहे, कारण जेवताना आमच्याकडे दुसरा विषयच नसे. छपराच्या भोकातून जमिनीवर पडतो तो कवडसा, फटीतून तिरकी येते ती तिरीप, ढग फोडून येतो तो झोत. मी एकदा कवडशाला तिरीप म्हटलं तर दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. "उजेड असा दिसत नसतो, तडतडे," तो म्हणायचा. "हवेत काहीतरी तरंगत असावं लागतं, तेव्हा त्याची रेघ उमटते." तडतडी म्हणजे मी. घरात मला त्याच नावानं हाक मारतात, आणि का ते एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

वहिनी शाळेत शिकवते. दुसरीचा वर्ग, चाळीस पोरं. शाळा गावाच्या टोकाला, आणि शाळेच्या मागे दगड भरडून खडी करायची मशीन. मध्ये निलगिरीची रांग आणि एक पायवाट, बस. वहिनी फळ्यावर लिहायच्या आधी फळा पुसते आणि लिहून झाल्यावर हात झटकते, तेव्हा खडूपेक्षा दगडाची पूड जास्त उडते. बाकांवर बोटानं नाव काढता येतं. दोन वर्षांपूर्वी तिला खोकला लागला. आधी हवा बदलली म्हणून, मग थंड पाणी प्यायलं म्हणून, मग उगीच. शेवटी डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि स्पष्ट सांगितलं, की आत दगडाची धूळ बसलीय, बसलेली निघायची नाही, आणखी बसू देऊ नका. शाळा तरी सोडा, नाहीतर ती मशीन तरी हलू दे.

"आणि माझी पोरं?" वहिनी म्हणाली. झालं. ती काही शाळा सोडणार नाही, हे आम्हा दोघांना तिथेच कळलं. म्हणून वहिनीनं आणि पालकांनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, आणि मशीनचा परवाना पुढे वाढवायचा की नाही यावर सरकारी साहेबांपुढे सुनावणी लागली. परवाना वाढला तर आणखी दहा वर्षं. दहा वर्षं वहिनी काढणार नव्हती, हे कुणी तोंडानं बोलत नव्हतं इतकंच.

आता फोटोचं सांगते. तीन वर्षांपूर्वी दादाला मोठ्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. 'धुक्यातली पहाट'. निलगिरीचे काळे बुंधे, त्यांच्यामधून तिरपे उतरलेले पांढरे पट्टे, आणि मधल्या वाटेवर खांद्याला पिशवी लावून पाठमोरी चाललेली एक बाई. ती बाई म्हणजे वहिनी. फोटो सुरेख आहे, मी खोटं कशाला बोलू. खडीच्या कंपनीच्या मालकानं तो मागून घेतला, ऑफिसात दारासमोर लावला, कंपनीच्या कॅलेंडरवर छापला. दादा हरखून गेला. "मोठ्या माणसाला नजर असते," म्हणाला. मला तेव्हाही त्या मालकाचं तोंड आवडलं नव्हतं, पण माझं ऐकतो कोण.

सुनावणीच्या आठ दिवस आधी कंपनीचा मॅनेजर स्टुडिओत आला. गोड बोलणारा, केस चापूनचोपून बसवलेला. त्याला तो फोटो मोठा करून हवा होता, आणि सोबत दादाच्या सहीचं दोन ओळींचं पत्र. मजकूर त्यानं टाईप करूनच आणला होता: सदर छायाचित्र मी काढलेलं असून त्यातील दृश्य पहाटेच्या नैसर्गिक धुक्याचं आहे. लोकांना तिथे जे दिसतं ते धुकं आहे, धूळ नव्हे, एवढंच साहेबांना दाखवायचंय, म्हणाला. दादानं पत्र घेतलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही.

फोटो मोठा करायला मी मूळ फाईल उघडली. फोटो कधी काढला ते फाईलच्या पोटात लिहिलेलं असतं. उन्हाळा लागतानाची तारीख होती. वेळ, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारी चारला, उन्हाळ्यात, कसलं धुकं? आणि शाळा चारला सुटते.

तेवढ्यात एक गृहस्थ गाडीच्या परवान्यासाठी फोटो काढायला आले. दादानं त्यांना स्टुलावर बसवलं, हनुवटी खाली करायला लावली, आणि मी तिथूनच ओरडले, "हे धुकं नाहीये."

"गिऱ्हाईक आहे," दादा म्हणाला.

"असू दे. ही धूळ आहे. वहिनीच्या छातीत आहे तीच."

"नाव मी दिलेलं नाही. स्पर्धेवाल्यांनी दिलं."

"आणि तू मूग गिळून बक्षीस घेतलंस."

"मग काय करायचं होतं? परत करायचं? लोक मला त्या फोटोनं ओळखतात. नाहीतर मी कोण आहे, हनुवटी खाली म्हणणारा."

"बायको खोकून खोकून मरू दे, तुझी ओळख राहू दे."

गृहस्थांनी हळूच विचारलं, हनुवटी वर घेऊ का. दादानं तसंच बटण दाबलं. बिचाऱ्याचा फोटो भेदरलेला आला आणि त्यांनी तो तसाच नेला. त्यानंतर आठ दिवस मी दादाशी बोलले नाही. वेळेसकट फाईल छापून पर्समध्ये ठेवली आणि ठरवलं, हा शेपूट घालणार असेल तर मी उभी राहीन. वहिनीला यातलं काही सांगितलं नाही. तिला बोलताना धाप लागत होती, तिच्याशी काय भांडायचं.

सुनावणीची खोली लहान होती. साहेब, त्यांचा कारकून, पालकांपैकी पाचसहा, मी, वहिनी, दादा, आणि समोर मॅनेजर. वहिनी खिडकीशी बसली होती, रुमाल तोंडाशी धरून. मोठा फोटो मी करून दिलाच नव्हता, म्हणून मॅनेजरनं पिशवीतून कॅलेंडर काढलं, पान उलटलं आणि साहेबांपुढे धरलं. "शाळेमागची जागा हीच. तिथे हवेत दिसतं ते निसर्गाचं धुकं आहे. याला पहिलं बक्षीस आहे, साहेब. आणि गंमत म्हणजे तक्रार करणाऱ्या बाईच यात आरामात फिरायला निघाल्यात. फोटो त्यांच्या यजमानांनीच काढलाय."

गंमत म्हणे. राजरोस डोळ्यांत धूळ फेकत होता, आणि तीसुद्धा आमचीच. मी पर्सची चेन ओढली. एवढ्यात दादा उठला.

"ते धुकं नाही," तो म्हणाला. "दुपारचे चार वाजून गेले होते. धूळ आहे ती."

मॅनेजर हसला. "तीन वर्षांनी आठवलं होय? बक्षीस घेताना धुकं होतं आणि बायकोची तक्रार आली तेव्हा धूळ झाली. साहेब, हा माणूस एकदा तरी खोटं बोललाय, आता किंवा तेव्हा."

साहेबांनी दादाकडे पाहिलं. "तुम्ही हे कशावरून सांगता? नुसत्या फोटोत धुकं आणि धूळ सारखंच दिसतं."

मला वाटलं आता हा माझ्याकडे वळेल, फाईल मागेल. तो वळला नाही. खाली टेबलाकडे बघत राहिला. मग जे बोलला ते मलाही ठाऊक नव्हतं.

"मी गेलो तेव्हा मशीन बंद होती. पट्टा बदलायचा होता म्हणून. हवा स्वच्छ होती, झाडांमधून ऊन येत होतं पण रेघ एकही दिसत नव्हती. त्यांचा पट्टा बसवून झाला होता आणि माणसं चहा पीत बसली होती. मी आत गेलो आणि त्यांना म्हटलं, जरा लवकर चालू करा, मला फोटो काढायचाय. त्यांनी चालू केली. पाच मिनिटांत शाळेच्या फाटकापर्यंत सगळं भरून गेलं. मग किरण दिसले. नावही मीच लिहून दिलं होतं, स्पर्धेवाल्यांनी नाही."

साहेबांनी कारकुनाला सांगितलं, हे शब्दाला शब्द लिहा. मशीन बंद होती तेव्हा काही नाही, चालू झाल्यावर पाच मिनिटांत फाटकापर्यंत, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचून घेतलं. मॅनेजर काहीबाही बोलत राहिला, पण कारकून त्याचं लिहीत नव्हता. दादानं खिशातून ते टाईप केलेलं पत्र काढून टेबलावर ठेवलं आणि खाली बसला. आपण जिंकलो, हे मला तिथेच कळलं. परवाना वाढला नाही, हे पुढे रीतसर आलंच.

मी मात्र वहिनीकडे बघत होते. तिनं रुमाल खाली घेतला होता.

बाहेर जिन्यापाशी आम्ही तिघंच थांबलो. पालक पुढे गेले होते, खालून त्यांचा आनंदाचा गलका ऐकू येत होता. वहिनी कठड्याला धरून उभी होती. दादाला ती लग्नापासून कधी आवाज चढवून बोललेली मी ऐकली नाही, तेव्हाही नाही.

"मला वाटायचं, कॅमेऱ्यात डोळा घातला की तुम्हाला उजेडाशिवाय काही दिसत नाही," ती म्हणाली. "म्हणून मी गप्प चालत राहिले. धूळ आहे म्हटलं असतं तर तुमचं मन मोडलं असतं."

दादाची हनुवटी आपोआप खाली गेली.

"मशीन चालू झाल्यावर मला किती फेऱ्या मारायला लावल्यात?"

"अकरा."

"आणि बक्षीस मिळालं तो फोटो कितव्या फेरीचा?"

मला ते माहीत होतं. फायलींवर नंबर असतात. मीच सांगून टाकणार होते.

"दुसऱ्या," तो म्हणाला.

"मग पुढच्या नऊ कशाला?"

"अजून चांगला येईल असं वाटलं."

वहिनीनं मान हलवली, वर्गातल्या पोरानं चुकीचं पण खरं उत्तर दिलं की हलवते तशी. मग ती जिना उतरायला लागली. दर दोन पायऱ्यांवर थांबून श्वास घेत होती, आणि आम्ही दोघं मागून तितकेच थांबत उतरत होतो. तिचा हात धरायची हिंमत दादाला झाली नाही. मलाही झाली नाही, कारण ते अकराही फोटो मीच साफ केले होते आणि आठव्या फेरीपासून ती तोंडावर रुमाल धरून चालतेय हे पाठमोरीही मला दिसलं होतं.