बेरिंगला हळदीकुंकू

दादा फौजेत गाड्यांचा मिस्त्री होता. त्याचं लग्न सुट्टीतच उरकलं, आणि उरलेली सुट्टी पाहुण्यांनी खाल्ली. घरात माणसं इतकी की नव्या नवरा-बायकोला एकमेकांशी बोलायचं तर कामाचं निमित्त काढावं लागे. वहिनी पाण्याला निघाली की दादाला नेमकी विहिरीवर जायची आठवण व्हायची, आणि आम्ही मेले त्यावरून त्याला चिडवत बसायचो. पण एक गोष्ट त्याने तिला कबूल केली होती. परत जाण्याआधी फटफटीवरून कडेगावला, तिच्या माहेरी, दोघांनीच जायचं.

आणि सुट्टी संपत आली असताना फटफटीनं दगा दिला. जुनी टू-स्ट्रोक गाडी, सारं आयुष्य उसाच्या गाडीवाटांवर आपटलेली. इंजिनातून खडखड यायला लागली. दादाने कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "क्रँकची बेरिंगं गेली." मी सांगलीला जाऊन नवी आणली. दादाने तोवर अंगणात इंजिन उघडून ठेवलं होतं.

बेरिंग ठोकून बसवायचं नसतं. इंजिनाचं कवच चांगलं तापवायचं, बेरिंग गार ठेवायचं, म्हणजे ते आपसूक आपल्या जागी उतरतं. कवच तापवायला आमच्या गुऱ्हाळाचं चुलवण होतंच. नवी बेरिंगं डब्यात घालून विहिरीत सोडली. गुळाचा वास, धूर आणि दादाचं ते तोंडात बिडी धरून पुटपुटणं आजही आठवलं की जीव गलबलतो. कवचावर पाण्याचा थेंब टाकला, तो चर्र करून उडाला. पालथं घालून फळीवर आपटताच जुनी बेरिंगं टपकन खाली पडली.

मी डबा विहिरीतून काढून ठेवला होता. दादाने पुन्हा कवच तापवलं आणि नव्यांसाठी हात पुढे केला, तर त्यांना हळदीकुंकू लागलेलं! वर अक्षताही. आमच्याकडे नवं अवजार पूजा केल्याशिवाय कामाला लावत नाहीत, म्हणून आईने आमची पाठ वळताच डबा उघडून आपलं काम उरकलं होतं. बेरिंगात तांदळाचा दाणा! मी डोक्यालाच हात लावला. दादा तसा तोंडाचा फटकळ, पण आईपुढे त्याची जीभ वळेना.

"आई, आता नारळबी फोड म्हंजे झालं," एवढंच तो म्हणाला.

"फोडते की. लेकाच्या गाडीला लागतंय तर," आई म्हणाली.

दादाने बेरिंगं लांब नेऊन रॉकेलने धुतली. तोवर कवच निवलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून. पण या खेपेला बेरिंगं अशी अलगद बसली की दादा हसला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. खडखड नावालाही नाही. वहिनी नवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी. तेवढ्यात वडील फेटा बांधत बाहेर आले आणि सरळ मागच्या सीटवर बसले.

"विट्यात काम हाय माजं. सोड तितवर."

विट्याला जाऊन येईस्तोवर दिवस गेलाच असता. वडिलांना नाही म्हणायची आमच्यात रीत नव्हती. वहिनी मागे वळली. मला वडिलांचा असा राग आला की काय सांगू.

आई अंगणात धुणं वाळत घालत होती. तिने हातातलं लुगडं तसंच खाली टाकलं.

"आवं, उतरा खाली."

आई वडिलांना असं चारचौघांत बोलल्याचं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. वडील सीटवरून हलले नाहीत.

"लगीन झाल्यावर आपुन म्हायेराला गेलो, तवा बैलगाडीत आपल्या दोघांच्या मदी तुमची आई बसली हुती," आई म्हणाली. "माजी हौस तितंच ऱ्हायली. हिची ऱ्हाऊ द्यायची न्हाई मला. उतरा."

वडील उतरले.