पेपरात आलेली अक्का

येलहंका गावात राहणारी वाणी पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्राच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायची. १९९८ साली तिच्या अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, अंगावरून वारं गेलं. अंग लुळं पडलं, बोलणं बंद झालं. त्यांचं सगळं वाणीच करी. शनिवारी कामावरून येताना ती सायबर कॅफेत बसून, इंटरनेटवरच्या आपल्या पानावर आठवड्याची हकीकत इंग्रजीत लिहायची. नाव घेतलं होतं 'अक्का'. घरी कुणाला पत्ता नव्हता. आपल्या आजाऱ्यांपाशी बसलेली कुठकुठली माणसं तिला उत्तरं पाठवत.

पुढच्या वर्षी एका रविवारी थोरला भाऊ खंडोजी पेपर वाचताना थांबला. 'घरची लक्तरं इंटरनेटवर' असा मथळा होता. प्रसिद्धीला हपापलेले लोक खोट्या नावाने काय काय लिहितात, असा लेख. चौकटीत येलहंक्याच्या 'अक्का'चं एकच वाक्य होतं: 'कधी वाटतं, वडील सुटले तर बरं.'

खंडोजीने ते अप्पांच्या खाटेपाशीच मोठ्याने वाचलं. असली मुलगी असते तरी कशी, म्हणाला. वाणी अप्पांना रागीची पेज भरवत होती; तिचा चमचा मध्येच थांबला. अप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड मिटलं.

सोमवारी कँटीनमध्ये तोच विषय. असल्या बाईला घरात ठेवू नये, असं तिच्यासोबत काम करणारा मल्लाप्पा म्हणाला. वाणीनेही होकाराची मान हलवली. त्या मान हलवण्याची तिला दिवसभर शरम वाटली.

अप्पा तिच्या हातून खाईनात. बुधवारी तिने इंटरनेटवरचं आपलं ते पूर्ण पान छापून आणलं.

"अण्णा, ती मुलगी मीच," ती खंडोजीला म्हणाली. "सगळं ऐक, मग काय ते बोल."

ती अप्पांच्या खाटेपाशी बसली. तिने मराठीत करून वाचलं. त्या वाक्यापुढे होतं: 'मग ते माझं बोट धरतात, आणि मला माझीच लाज वाटते. उद्याही ते असू देत, एवढंच मागते.'

अप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. खंडोजी बाहेर गेला. आठवडाभर तो तिच्याशी बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून अप्पांना आंघोळ तो घालू लागला.

वाणीने पेपराला पूर्ण मजकूर पाठवला. तो छापून आला नाही. तेव्हा तिने पानावर स्वतःचं खरं नाव घातलं. पान थोड्यांनीच वाचलं; पेपर सगळ्यांनी वाचला होता. तुमकूरच्या एका स्थळाने 'तीच का?' असं विचारून नकार कळवला. नाव काढून टाक, असं खंडोजीने सुचवलं. तिने काढलं नाही.