डावीकडचं वजन

पाहुणा आला की मामंजी आधी त्याला नखशिखांत न्याहाळत आणि मगच ‘या’ म्हणत. नव्या माणसाला वाटे, सासरे जरा तिरसट दिसतात. तसं काही नव्हतं. याला गाडीत डावीकडे बसवायचं की उजवीकडे, एवढंच ते ठरवत असत.

गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस. अंबरनाथच्या एका कारखान्यातून मेंटेनन्स ऑफिसर म्हणून निवृत्त झाल्यावर मामंजींनी ती घेतली आणि शिवमंदिराजवळच्या आमच्या घरासमोर उभी करून आतल्या सगळ्या सीटा काढून टाकल्या. सासूबाईंच्या पाठीच्या दुखण्याने त्यांना बसून प्रवास जमत नसे. जुन्नरजवळचं माहेर कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं. नवरात्रात तिथल्या देवीला आपल्या हातच्या पुरणाचा नैवेद्य दाखवायचा, एवढंच त्यांचं मागणं. म्हणून डावीकडे त्यांची खाट, उजवीकडे ओटा, मागे लोखंडी कपाट आणि टपावर पाण्याची टाकी. “चालतंफिरतं घर आहे, सूनबाई!” मामंजी मला म्हणाले.

पहिल्या वर्षी ते घर चाललं कमी आणि डुललं जास्त. मुरबाडच्या अलीकडेच सासूबाईंना इतकं गरगरलं, की आम्ही मागे फिरलो. घर येईपर्यंत त्या डोळे मिटून पडून होत्या. मामंजींना त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत आणि तेच त्यांच्या जिव्हारी लागलं.

मग वर्षभर त्यांना दुसरं काही सुचेना. टाकी टपावरून उतरली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध, खाली बसली. कपाट भंगारात गेलं. उल्हासनगरच्या मिस्त्रीने मागच्या स्प्रिंगा बदलल्या. वजनकाट्यावर आधी नुसती डावी चाकं चढवायची, मग नुसती उजवी. आणि त्या वेळी सासूबाई खाटेवर निजलेल्याच हव्यात! मिस्त्रीने हात जोडले. “साब, इतना हिसाब तो सोनार भी नहीं करता.”

“सोने को चक्कर नहीं आता,” मामंजी म्हणाले.

नवरात्रात निघालो, तर गाडी पुन्हा डावीकडे कललेली. मामंजींचा चेहरा पार उतरला. टायर पाहिले, स्प्रिंगा पाहिल्या. शेवटी खाटेखाली हात घातला, तर जुन्या लुगड्यात गुंडाळलेला दगडी पाटा-वरवंटा!

“अहो, देवीच्या पुरणाला मिक्सर चालायचा नाही,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “तुम्ही नको म्हणाला असतात.”

आता भडका उडणार, म्हणून मी जीव मुठीत धरला. मामंजी दाराच्या पायरीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पाटा त्यांनी ओट्याखाली नेऊन बांधला. “वरवंटा राहू दे तुझ्याकडे.” माळशेजच्या घाटात सासूबाई खिडकीतून डोंगर बघत होत्या. त्या वर्षी नैवेद्य झाला, पुढेही दरवर्षी होत राहिला.

नव्वदच्या दशकात सासूबाई गेल्या. मामंजी गाडी चालवत राहिले, पण खाटेवर कुणाला बसू देईनात, आणि गाडी उजवीकडे झुकू लागली. एकदा ब्रेकच्या कामाला मी त्यांच्यासोबत उल्हासनगरला गेले होते. मिस्त्रीला राहवलं नाही. “साब, राइट में दबती है. बराबर कर दूँ?”

भिंतीवरची तसबीर जराशी वाकडी दिसली तरी ज्यांना घास उतरत नसे, ते मामंजी म्हणाले, “रहने दो.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिचं वजन दुसऱ्या कशाने भरायचं नाही, सूनबाई.”

आणि घरापर्यंत स्टिअरिंग डावीकडे ओढून धरत त्यांनी गाडी आणली.