सरांचं थांबणं मी कापलं होतं

"सर, एकच वाक्य दोनदा कशाला? आणि मधे असे गप्प का उभे राहता? रेकॉर्डिंग चालू आहे."

बिराजदार सरांनी आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग काचेपलीकडे माझ्याकडे. "लेकरं लिहून घेतेत ना, मॅडम."

"इथं कुठं आहेत लेकरं?"

सर हसले आणि परत तेच. "काळी मृदा बेसॉल्ट खडकापासून तयार होते." थांबले. "काळी मृदा, बेसॉल्ट खडकापासून, तयार होते." पुन्हा थांबले. मग रिकाम्या स्टुडिओत समोर बघून म्हणाले, "उषा, झालं का? लिही, लिही. घाई न्हाई."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं जाऊ दे, एडिटिंगमध्ये बघून घेऊ.

मी नांदेडला विद्यापीठाच्या ई-लर्निंग विभागात काम करते. हुद्दा इन्स्ट्रक्शनल डिझायनर. सासूबाई शेजारणींना सांगतात, "आमची सून मास्तरांना शिकवते." अगदीच खोटं नाही ते. प्राध्यापकांचा वर्गातला विषय ऑनलाइन न्यायचा तर त्याचे तुकडे कसे पाडायचे, व्हिडिओत काय ठेवायचं, वाचायला काय द्यायचं, असाइनमेंट कुठं घालायची, हे मी त्यांच्याबरोबर बसून ठरवते. कामात मी चोख आहे. जिभेला मात्र हाड नाही, हे आमच्याकडं शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

बिराजदार सर लातूरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतात. बी.ए.ची हायब्रिड बॅच त्यांच्याच डोक्यातून निघालेली. हायब्रिड म्हणजे थोडं घरून, थोडं कॉलेजात. इथं आठवडाभर व्हिडिओ आणि शनिवारी प्रत्यक्ष वर्ग. रेणापूर, औशाकडच्या मुली कॉलेजात नाव घालायच्या, वर्षाच्या आत लग्न व्हायचं आणि कॉलेज सुटायचं. सर अशा मुलींच्या सासरी गेले. चहा घेतला, पीकपाण्याचं बोलले आणि सासऱ्यांना म्हणाले, "रोज नका पाठवू. शनिवारचं तेवढं पाठवा." अशी ती बॅच भरली. विद्यापीठानं मंजुरी दिली, पण एका सत्रापुरती, प्रयोग म्हणून. सत्राच्या शेवटी रिव्ह्यू. असाइनमेंट आल्या नाहीत तर बॅच बंद. आणि बॅच बंद म्हणजे त्या पोरींची बी.ए. तिथंच संपली.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच मी जीव ओतून एडिटिंग केलं. आमच्या कामात व्हिडिओतल्या शांततेला डेड एअर म्हणतात. ऐकणारा कंटाळतो, म्हणून ती काढून टाकायची. मी सरांचा प्रत्येक थांबा काढला, दुसऱ्यांदा म्हटलेलं प्रत्येक वाक्य काढलं, "झालं का?" तर सगळेच काढले. चाळीस मिनिटांचा तास अकरा मिनिटांत बसवला. असे सहा व्हिडिओ केले. माझंच मला कौतुक वाटलं.

सरांना लिंक पाठवली. त्यांचा फोन आला. "लई नीटस केलंय, मॅडम." मग जरा चाचरत म्हणाले, "उगं पळाल्यासारखं तर न्हाई ना वाटत?"

"ऑनलाइनला असंच लागतं, सर."

"बरं, बरं. तुम्ही त्यातल्या जाणत्या."

दीड महिन्यानं संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. डॅशबोर्ड उघडाच होता. कोणी काय पाहिलं, काय जमा केलं, हे त्या पानावर दिसतं. "व्हिडिओ नेमानं पाहिले जातात," ते म्हणाले. "असाइनमेंट चार आल्यात. हा काय प्रकार?"

"आळस, सर. दुसरं काय."

"रिव्ह्यू पंधरा दिवसांवर आलाय. अशानं बॅच राहत नाही. तुम्ही लातूरला जाऊन या."

शनिवारी पहाटेची एसटी धरली. मनातल्या मनात त्या पोरींना काय काय सुनावायचं, ते बसमध्ये ठरवत गेले. वर्ग सुरू झाला होता. मी मागच्या बाकावर बसले. सर वाक्य सांगायचे आणि थांबायचे. बाकांच्या मधून फिरायचे, एखादीच्या वहीत डोकवायचे. "झालं का?" मग तेच वाक्य पुन्हा. कोणाचं राहिलं असेल तर तिसऱ्यांदा. कोणी कंटाळलेलं दिसेना. सगळ्या माना खाली घालून लिहीत होत्या. एकीच्या मांडीवर लेकरू झोपलं होतं, तीही लिहीत होती.

तास संपल्यावर मी उषाला गाठलं. रेणापूरजवळच्या खेड्यातली, विशीतली पोर. नाव माझ्या चांगलं ओळखीचं होतं, मीच ते सहा व्हिडिओंतून काढलं होतं. "असाइनमेंट का दिली नाहीस गं?" माझा आवाज चढलेलाच होता.

"नोट्स अर्ध्याच हायेत, मॅडम."

"पीडीएफ दिली आहे ना नोट्सची?"

"ती बी फोनातच हाय की. फोन ह्यांचा. सकाळी ते दाळमिलला जातेत, त्यांच्यासंगं फोन बी जातो. आमच्यापाशी राहती ती वहीच."

"मग व्हिडिओ थांबवून लिहायचं."

"आम्ही चौघीजणी एकाच फोनावर बघतो. एकीचं झालं की ती पुढं ढकलती, दुसरीचं राहतंच." तिनं वही छातीशी धरली. सर फळा पुसत होते, त्यांच्याकडं पाहिलं आणि आवाज बारीक केला. "मॅडम, एक इचारू? सर आमच्यावर नाराज हायेत का?"

"कामून?" माझ्याही तोंडून आपोआप तिचीच बोली निघाली.

"वर्गात थांबतेत. व्हिडिओत थांबतच न्हाईत. झालं का म्हणून इचारत बी न्हाईत. आम्ही म्हणलं, रोज कॉलेजात येत न्हाई म्हणून चिडले असतील. मग अर्धवट वहीचे फोटो कसे पाठवायचे त्यांना?"

तिनं आवाज बारीक केला खरा, पण सरांनी ऐकलं होतं. ते डस्टर हातात घेऊनच आले. आता ते माझं नाव घेणार, असं मला वाटलं. घ्यायलाच हवं होतं.

"नाराज कशाला होईन, बाळा," सर म्हणाले. "मी थांबलो होतो. तुझं नाव घेऊन इचारलं बी होतं. मशीनीत काहीतरी झालं असंल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दीड महिना त्या पोरी समजत होत्या की सर आपल्यावर रुसलेत. आणि ज्या माणसानं रिकाम्या खोलीत त्यांची नावं घेतली, तो आता मला पाठीशी घालत होता.

"मशीनीत काही झालं नाही," मी म्हणाले. "मी कापलं. मला वाटलं, रिकामी जागा आहे." रडू आलं, खोटं कशाला सांगू. उषानंच मला पाण्याची बाटली दिली.

नांदेडला आल्यावर संचालकांकडं गेले. मूळ रेकॉर्डिंग हार्डडिस्कवर शाबूत होतं. "सगळे व्हिडिओ पुन्हा एडिट करते," म्हटलं. "सर जिथं थांबलेत, तिथं थांबू द्यायचं."

"दहा-बारा मिनिटांच्या वर व्हिडिओ नको, हा नियम तुम्हीच केलाय ना?"

"हो, सर. तास मोठा असेल तर चार तुकडे करते. थांबणं कापत नाही."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "पहिल्यांदाच तुम्ही स्वतःची चूक सांगायलात. करा."

चार दिवस मी दुसरं काम केलं नाही. सर थांबले की त्यांचं वाक्य मोठ्या अक्षरांत पडद्यावर ठेवायचं, ते पुन्हा बोलेपर्यंत हलवायचं नाही. कोणाचं नाव घेऊन सर काय म्हणतात, ते ऐकता ऐकता कळलं, सर नुसते थांबत नव्हते. जिचं अक्षर मोठं, जिचा हात हळू, जिला लेकरू आहे, तिच्या हिशोबानं थांबत होते. हे सगळं वर्ग समोर नसतानाही त्यांच्या लक्षात होतं.

व्हिडिओ चढवले त्याच आठवड्यात असाइनमेंट यायला लागल्या. वहीच्या पानांचे फोटो, काही आडवे, एकावर हळदीचं बोट. दोघींच्या शेवटपर्यंत आल्या नाहीत. एक बाळंतपणाला माहेरी गेली होती, दुसरीचं अजून कळलं नाही. बाकी सगळ्यांच्या आल्या.

रिव्ह्यूला बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी व्हिडिओ लावायला सांगितला. सर पडद्यावर बोलले आणि गप्प झाले. पाच सेकंद झाले, दहा झाले. तज्ज्ञ माझ्याकडं वळले. "नेट अडकलंय का?"

मी तोंड उघडायच्या आत संचालक म्हणाले, "अडकलं नाही. लेकरं लिहायलेत."

बॅच पुढं चालू राहिली. आता नवीन कोर्सचं काम आलं की मी प्राध्यापकांना लगेच स्टुडिओत बोलावत नाही. आधी त्यांच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर तासभर गप्प बसते. एवढं साधं शिकायला मला नोकरीची अकरा वर्षं लागली.