डाव्या खिडकीतलं तळं

माझी आत्या रेल्वेच्या जाहिरात खात्यात होती. तेव्हा वेळापत्रकाबरोबर प्रवाशांना एक छोटी पुस्तिका मिळायची. वाटेत खिडकीतून काय काय दिसतं, ते तिच्यात लिहिलेलं असे. डोंगराकडे जाणाऱ्या गाडीची पुस्तिका आत्याने लिहिली होती. तिच्या नावावर आयुष्यात छापलं गेलं ते तेवढंच. आणि तेही बंद पाडलं माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या थोरल्या भावाने.

झालं असं, की बाबा कौतुकाने पुस्तिका घेऊन त्या गाडीत बसले. 'बोगदा संपताच डावीकडे पाहा, निळंशार तळं दिसेल.' बाबांनी मान दुखेपर्यंत डावीकडे पाहिलं. दिसली नुसती दरड. खोटं त्यांना खपत नाही, त्यामुळे घरी आल्या आल्या त्यांनी रेल्वेला पत्र ठोकलं. तशी आणखीही पत्रं आली होती. साहेबांनी पुढची आवृत्ती काढलीच नाही.

तेव्हापासून बहीण-भावाचा अबोला. आत्या वरच्या मजल्यावर राहते, जेवायला मात्र आमच्यात असते. "तुझ्या बापाला मीठ दे." "तुझ्या आत्याला सांग, मी घेतलंय." सगळा कारभार माझ्यामार्फत.

आत्या म्हणे, लोकांना बघताच येत नाही. बाबा म्हणत, तळंच नाही. दोघंही थापा मारणाऱ्यातले नव्हेत, त्यामुळे माझं डोकं भणभणायचं. तळं आटलं? रूळ हलवले? की आत्याला स्वप्न पडलं होतं? शेवटी राहवेना, तेव्हा मी तिलाच गाडीत घातलं. एका रिकाम्या डब्यात आम्ही समोरासमोर बसलो.

बोगदा संपला. मी डावीकडे पाहिलं. दरड!

"हे बघ!" आत्या ओरडली. तिचं बोट भलत्याच खिडकीकडे होतं, आणि त्या खिडकीत खरंच तळं होतं, निळं, भलंमोठं.

"आत्या, हे उजवीकडे आहे."

"डोळे फुटले का तुझे? हा माझा डावा हात!"

मी तिच्याकडे पाहतच राहिले. ती इंजिनाकडे पाठ करून बसली होती.

"तू नेहमी अशीच बसतेस?"

"मग? तोंडावर येणारं धडाधड निघून जातं. असं बसलं की गेलेलं लांबपर्यंत दिसत राहतं."

बोलता बोलता तीच थांबली. तिचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं.

"म्हणजे माझ्यासारखं बसलेल्यांनाच दिसलं असेल," ती हळूच म्हणाली. "आणि दादा?"

"बाबांना उलटं बसलं की मळमळतं."

आता ती माझ्यावरच उखडणार, असं मला वाटलं. तिने हात पुढे केला. "फोन लाव तुझ्या बापाला."

मी लावला आणि स्पीकर चालू करून तिला दिला.

"दादा, मी बोलतेय. तळं तुझ्या उजवीकडे होतं. मी उलटी बसून लिहिलं. चूक माझी."

'मी सांगत नव्हतो?' असं आता ऐकावं लागणार, म्हणून मी डोळे मिटले.

"म्हणजे तळं आहे?" बाबांनी विचारलं.

"आहे की. चांगलं मोठं आहे."

"मला वाटलं, तू मनानेच लिहिलंस." बाबा म्हणाले. "मला दाखवशील?"

आत्याने पदराने नाक पुसलं.

"दाखवते. पण माझ्या शेजारी बसायचं. मळमळलं तरी."