दोघं चढलो, एक सापडला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तुमच्याशी बोलतोय खरा — पण आधी देविदासबद्दल सांगू द्या.

माजरीला, कोळसाखाणीच्या गावात, आमची घरं लागून होती, मधे एकच कुडाची भिंत. विशीच्या आत होतो. उभ्या मालगाडीवर चढायचं, कोळसा खाली ढकलायचा, मायबहिणींनी तो गोळा करायचा — चूल त्यावरच पेटायची. एका दुपारी रेल्वे पोलिसांची शिट्टी वाजली. देविदासचा पाय घसरला, तो डब्याच्या कडेला लटकला. "हात दे ना बे, राजू!" मी दुसऱ्या बाजूनं उडी मारली.

तो पकडला गेला, सात महिने तुरुंगात राहिला. मार खाल्ला, पण माझं नाव घेतलं नाही. — हे वाईटच. पण मला सांगायचंय ते याहून वाईट आहे.

सुटून आल्यावर त्यानं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, कोळशाला पुन्हा हात लावला नाही. तेव्हा कुणीतरी रॅपची कॅसेट आणली होती. आम्हाला शब्द कळेना, पण देविदास हसत सुटला, "हे तं माह्या मायच्या भांडणासारखं हाय, दमच नाई घेत!" मग चाकाच्या रिंगवर पाना वाजवत त्यानं स्वतःचं रचलं:

दोघं चढलो डब्यावर, एकच सापडला,
दुसऱ्याचा हात माह्या हाती नाई पडला...

आणि शेवटी:

आता दारावर थाप पडली तं माय नाई घाबरत,
पोरगा घरी हाय तिचा, बसला पंक्चर काढत.

मी ऑर्केस्ट्रात गायचो. तो म्हणाला, "तूच म्हण. मले लोकायसमोर थरथरी सुटते." आणि मी म्हटलं — माझंच म्हणून. माझाच तुरुंग, माझीच माय. कशी हिंमत झाली असेल माझी?

चामोर्शीला बाजाराच्या दिवशी कार्यक्रम होता. देविदास माझ्यासोबत आला होता, कौतुकानं, स्पीकर उचलायला. गाणं संपल्यावर एक म्हातारी बाई पुढे आली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिचे डोळे वाहत होते.

"लई भोगलं रे लेकरा. अन् तो दुसरा? त्यानं काऊन नाई दिला हात?"

देविदास माझ्यामागे वायर गुंडाळत होता, हातभर अंतरावर.

मी म्हणालो, "पळाला, बाई. भित्रा होता."

"मंग माफ केलं का तू त्याले?"

मागून देविदासच बोलला, अगदी हळू — "केलं, बाई, यानं. कवाच केलं."

म्हातारीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. देविदासनं वायरचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि मला विचारलं, "चहा पेतं का?" आम्ही चहा प्यायलो. त्यावर तो तेव्हा बोलला नाही, नंतरही कधी नाही.

ते गाणं मी पुढे सहा वर्षं गायलो. वरोऱ्याला, मूलला, गडचिरोलीला. कुणी ना कुणी विचारायचंच, त्या दुसऱ्याचं काय झालं. आणि मी देविदासचेच शब्द उचलून सांगायचो — केलं माफ, कवाच केलं.

दुसरा मी होतो.